खाऱ्या पाण्याच्या स्विमिंग पूलचे रासायनिक संतुलन: पहिल्या भरणीपासून पावसाळ्यापर्यंत

अलिबाग, कर्जत, लोणावळा किंवा गोव्यात बंगला बांधणाऱ्याला हल्ली ‘सॉल्ट वॉटर पूल घ्या, क्लोरीनची कटकटच नाही’ असा सल्ला हमखास मिळतो. त्यातले निम्मेच खरे आहे. खाऱ्या पाण्याच्या पूलमध्येही क्लोरीन असतेच. ते ड्रममधून ओतावे लागत नाही, पाण्यात विरघळलेल्या मिठापासून जागच्या जागी तयार होते, एवढाच फरक. मशीनचा मुख्य भाग म्हणजे फिल्टरनंतर पाइपात बसवलेला सेल; त्यात टायटॅनियमच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यावर रुथेनियम किंवा इरिडियमच्या ऑक्साइडचा लेप असतो. या पट्ट्यांमधून वीज वाहू लागली की मिठाच्या पाण्यातून क्लोरीन सुटते, ते पाण्यात विरघळून जंतू आणि शेवाळ मारते आणि काम संपल्यावर पुन्हा क्लोराइडच्या रूपात पाण्यातच राहते. त्यामुळे मीठ खर्ची पडत नाही. ते कमी होते ते बॅकवॉशमधून, म्हणजे फिल्टर उलट्या प्रवाहाने धुताना फेकल्या जाणाऱ्या पाण्यातून, उडणाऱ्या पाण्यातून आणि पावसात पूल भरून वाहू लागल्यामुळे.

मशीन क्लोरीन तयार करते, पण त्यापलीकडे काही करत नाही. पीएच, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता), हार्डनेस (पाण्यातील कॅल्शियम) आणि स्टॅबिलायझर (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारे सायन्युरिक ॲसिड) या चारही गोष्टी माणसालाच सांभाळाव्या लागतात, आणि पीएचच्या बाबतीत तर सॉल्ट पूल साध्या पूलपेक्षा अधिक लक्ष मागतो. सेल लवकर निकामी होणे, फरशीवर पांढरा थर बसणे, डोळे चुरचुरणे किंवा पाणी हिरवट होणे यांचा दोष बहुतेक वेळा मिठाला किंवा मशीनला दिला जातो. प्रत्यक्षात पीएच, अल्कलिनिटी, हार्डनेस आणि स्टॅबिलायझर यांपैकी एखादी गोष्ट हाताबाहेर गेलेली असते.

पूलमध्ये पाणी किती आहे?

कोणतेही रसायन टाकण्याआधी पूलमध्ये नेमके किती पाणी मावते हे माहीत असले पाहिजे. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये मोजून तिन्हींचा गुणाकार केला की घनमीटर मिळतात. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. या लेखातील सगळी उदाहरणे एकाच पूलची आहेत: लांबी ८ मीटर, रुंदी ४ मीटर आणि उथळ बाजूला ०.९ तर खोल बाजूला १.६ मीटर, म्हणजे सरासरी १.२५ मीटर खोली. यात ४० घनमीटर, म्हणजे ४०,००० लिटर पाणी मावते. एक पीपीएम म्हणजे दर घनमीटरला एक ग्रॅम, त्यामुळे या पूलमध्ये कोणताही पदार्थ एक पीपीएमने वाढवायचा तर तो शुद्ध स्वरूपात ४० ग्रॅम लागतो. हा आकडा फिल्टर रूमच्या दारामागे ठळक लिहून ठेवावा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावरूनच होतो.

पाणी कुठून येते?

मुंबई-पुण्याला धरणांतून येणारे पाणी मऊ असते. दख्खनच्या काळ्या पाषाणातील बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि त्याची अल्कलिनिटीही चढी असते. कोकणात आणि गोव्यात जांभ्या दगडातील विहिरीचे पाणी याच्या अगदी उलट, म्हणजे मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते, शिवाय त्यात लोह असू शकते. किनाऱ्याला लागून असलेल्या बोअरमध्ये समुद्राचे खारे पाणी शिरलेले असण्याचीही शक्यता असते. टँकरचे पाणी यांपैकी कुठलेही असू शकते, त्यामुळे प्रत्येक टँकर वेगळा समजून तपासावा. शेजारच्या बंगल्यातील केअरटेकर जे रसायन ज्या मापाने टाकतो तेच आपल्याकडे लागू पडेल असे धरून चालणे धोक्याचे आहे.

तपासणीचा संच

आपल्याकडे दोन रंगांचा छोटा डबीवजा संच सर्रास वापरला जातो. लाल-नारिंगी रंगावरून पीएच आणि पिवळ्या रंगावरून क्लोरीन पाहायचे, अशी त्याची रीत. त्यातला पिवळा रंग ऑर्थोटोलिडीनचा असतो आणि तो एकूण क्लोरीन दाखवतो. उपयोगाचे मोकळे क्लोरीन किती आणि घाम-लघवीतील नायट्रोजनशी बांधले जाऊन निरुपयोगी झालेले किती, हे त्यावरून कळत नाही. म्हणून डीपीडी (मोकळ्या क्लोरीनने गुलाबी होणारे रसायन) पद्धतीचा, थेंब मोजून तपासण्याचा संच घ्यावा, ज्यात मोकळे क्लोरीन, पीएच, अल्कलिनिटी, कॅल्शियम हार्डनेस आणि सायन्युरिक ॲसिड या पाचही चाचण्या असतील. मिठासाठी वेगळे मीटर किंवा पट्ट्या लागतात.

पाण्याचा नमुना कोपरभर खोलीवरून आणि पाणी आत येण्याच्या तोंडापासून दूर जाऊन घ्यावा. एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी: क्लोरीन फार जास्त असेल तर डीपीडीचा गुलाबी रंग क्षणभर उमटून उडून जातो आणि नळीतले पाणी रंगहीन दिसते. ‘क्लोरीन शून्य आहे’ असे समजून त्यात आणखी क्लोरीन ओतले जाते. शंका आली तर नमुन्यात तितकेच शुद्ध पाणी मिसळून चाचणी पुन्हा करावी आणि आलेला आकडा दुप्पट करावा. क्लोरीन दहा पीपीएमच्या वर असताना पीएचचा रंगही खोटा, जांभळट येतो.

कोणते आकडे गाठायचे?

मशीनच्या माहितीपुस्तिकेत मिठाचा जो पल्ला दिला असेल तोच पाळावा. इतर बाबतीत पुढील मर्यादा आपल्या हवामानातील उघड्या पूलला मानवतात.

पीएच: ७.४ ते ७.८
एकूण अल्कलिनिटी: ६० ते ८० पीपीएम
कॅल्शियम हार्डनेस: २०० ते ४०० पीपीएम
सायन्युरिक ॲसिड: ६० ते ८० पीपीएम
मोकळे क्लोरीन: ३ ते ५ पीपीएम
मीठ: बहुतेक मशीनना सुमारे ३,००० ते ३,४०० पीपीएम

समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५,००० पीपीएम क्षार असतात. त्याच्या दहाव्या हिश्श्याइतके हे पाणी जिभेला जेमतेम खारट लागते.

पहिली पायरी: अल्कलिनिटी आणि पीएच

साध्या पूलसाठी अल्कलिनिटी ८० ते १२० ठेवा असे सांगितले जाते, पण सॉल्ट पूलला ती मुद्दाम कमी ठेवावी. सेलमध्ये क्लोरीनबरोबर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे निघतात आणि ते पाणी ढवळून त्यातील कार्बन डायऑक्साइड हवेत घालवतात. तो वायू गेला की पीएच चढतो, आणि अल्कलिनिटी जितकी जास्त तितका हा वायू पाण्यात जास्त असल्याने पीएच तितक्याच वेगाने चढतो. दर दोन दिवसांनी ॲसिड टाकावे लागते अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी आधी अल्कलिनिटी मोजावी. ती दीडशे-दोनशेच्या घरात सापडण्याचीच शक्यता अधिक.

अल्कलिनिटी कमी करायला हायड्रोक्लोरिक ॲसिडच लागते. बाजारात मिळणाऱ्या ३० ते ३३ टक्के ताकदीच्या ॲसिडचे सुमारे ८०० मिलिलिटर आपल्या ४० घनमीटरच्या पूलमध्ये अल्कलिनिटी १० पीपीएमने उतरवतात. बोअरच्या पाण्याची अल्कलिनिटी २५० असेल आणि ती ८० वर आणायची असेल तर एकूण साडेतेरा लिटरच्या आसपास ॲसिड लागेल, पण ते एका वेळी ओतायचे नाही. पहिल्या खेपेला दीड ते दोन लिटर टाकून पीएच ७.२ पर्यंत उतरवावा, मग पाणी आत सोडणाऱ्या जेटची तोंडे वर वळवून किंवा धबधबा चालू ठेवून पाणी खळाळू द्यावे. पीएच आपोआप ७.६-७.७ पर्यंत चढला की पुन्हा ॲसिड टाकावे. अल्कलिनिटी उतरत जाईल तशी दर खेपेची मात्रा कमी होत जाते. या कामाला आठवडा लागला तरी घाई करू नये. उलट कोकणातील मऊ पाण्याची अल्कलिनिटी ३०-४० असेल तर खाण्याचा सोडा वापरावा. १० पीपीएम वाढवण्यासाठी आपल्या पूलला ६७० ग्रॅम पुरतो.

नेहमीच्या देखभालीत, अल्कलिनिटी ठीक असताना, पीएच ७.८ वरून ७.५ वर आणण्यासाठी या पूलला साधारण ३०० मिलिलिटर ॲसिड लागते. आधी २०० टाकावे, पंप तासभर चालू ठेवावा आणि मोजून मगच उरलेले टाकावे.

ॲसिड हाताळताना रबरी हातमोजे आणि चष्मा घालावा. बादलीत आधी पाणी घेऊन त्यात ॲसिड ओतावे, ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतू नये. पंप चालू असताना, खोल बाजूच्या जेटसमोर पातळ धारेने ते सोडावे. कडेला कोटा किंवा शहाबादी फरशी असेल तर बादली फरशीवर टेकवूच नये, कारण हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. ॲसिडचा थेंब पडताच तिथे फसफस होते आणि पॉलिश उडून कायमचा पांढरट ठिपका राहतो. ॲसिड आणि लिक्विड क्लोरीन, ज्याला बाजारात हायपो म्हणतात, यांचे कॅन शेजारी शेजारी ठेवू नयेत. दोन्ही एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि फिल्टर रूम बहुधा खिडकीही नसलेली असते. एकाच मापाने दोन्ही रसायने काढण्याची सवय तर केअरटेकरला पहिल्याच दिवशी मोडायला लावावी.

दुसरी पायरी: कॅल्शियम

पाण्यात कॅल्शियम फार कमी असेल तर पाणी ते टाइल्सच्या सांध्यांतील सिमेंटमधून ओढून घेते आणि सांधे खडबडीत होऊन झरू लागतात. फार जास्त असेल तर पांढरा थर जमतो, आणि तो सर्वांत आधी जमतो सेलच्या पट्ट्यांवर, कारण तिथे पीएच स्थानिक पातळीवर खूप चढलेला असतो. मऊ पाण्यात हार्डनेस ५० पीपीएमने वाढवण्यासाठी आपल्या पूलला ७७ टक्क्यांचे कॅल्शियम क्लोराइड सुमारे तीन किलो लागते. ते बादलीभर पाण्यात विरघळताना पाणी चांगलेच तापते, त्यामुळे थोडे थोडे टाकावे. हार्डनेस कमी करणारे सोपे रसायन मात्र नाही; त्यासाठी पाणीच बदलावे लागते.

पीएच, तापमान, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी यांचा एकत्रित परिणाम लँगेलियर निर्देशांकावरून कळतो: तो शून्याच्या वर गेला तर पाणी थर बसवते, फार खाली गेला तर सिमेंट झिजवते. पीएचमध्ये तापमानाचा, कॅल्शियमचा आणि अल्कलिनिटीचा गुणांक मिळवून त्यातून एक स्थिरांक वजा करायचा. तीन हजार पीपीएम मीठ असलेल्या पाण्यासाठी तो सुमारे १२.३५ धरतात. पाणी २९ अंश सेल्सिअसचे असेल तर तापमानाचा गुणांक ०.७ येतो, ३०० पीपीएम हार्डनेससाठी २.१ येतो आणि ६० अल्कलिनिटीसाठी १.८ येतो. इथे अल्कलिनिटी ८० मोजली असली तरी त्यातून सायन्युरिक ॲसिडचा साधारण एक तृतीयांश भाग वजा करावा लागतो, म्हणून ६० धरले. पीएच ७.६ असताना बेरीज १२.२ येते आणि निर्देशांक उणे ०.१५ निघतो. सॉल्ट पूलसाठी उणे ०.३ ते शून्य हा पल्ला उत्तम. तेच पाणी ८.० पीएचवर गेले आणि हार्डनेस ६०० झाली तर निर्देशांक अधिक ०.५५ वर जातो, आणि मग सेलवर थर बसणे कोणी टाळू शकत नाही.

तिसरी पायरी: स्टॅबिलायझर

कडक उन्हात संरक्षण नसलेले क्लोरीन तासाभरात निम्मे उडून जाते. सायन्युरिक ॲसिड क्लोरीनला सैलसर धरून ठेवते आणि उन्हापासून वाचवते. शून्यापासून ६० पीपीएम करण्यासाठी आपल्या पूलला २.४ किलो लागते. ते जुन्या मोज्यात भरून जेटसमोर बांधावे आणि अधूनमधून पिळावे. पूर्ण विरघळून चाचणीत दिसायला काही दिवस लागतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आकडा कमी आला म्हणून आणखी टाकू नये.

बाजारातील टीसीसीए गोळ्या म्हणजे क्लोरीन आणि सायन्युरिक ॲसिड यांचे मिश्र संयुग असते. तिने क्लोरीन १० पीपीएम वाढले की स्टॅबिलायझर सुमारे ६ पीपीएमने वाढते आणि ते पाण्यातून जात नाही. सॉल्ट पूलमध्ये या गोळ्यांची गरजच नसते. तरीही ‘थोडा बॅकअप’ म्हणून स्किमरमध्ये (पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या काठावरच्या तोंडात) त्या टाकल्या जातात आणि स्टॅबिलायझर दीडशेच्या वर जाऊन क्लोरीन पाण्यात असूनही निष्प्रभ होते. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर एकमेकांत मिसळली तर आग लागते किंवा स्फोट होतो, हेही लक्षात असू द्यावे.

चौथी पायरी: मीठ

नव्या सिमेंट प्लास्टरचा पूल असेल तर पाणी भरल्यापासून निदान चार आठवडे मीठ टाकू नये. त्या काळात प्लास्टर पक्के होत असते, पीएच सतत चढतो आणि क्लोरीन हायपोनेच राखावे लागते.

मीठ शुद्ध, रिफाइंड आणि ९९ टक्क्यांहून अधिक सोडियम क्लोराइड असलेले घ्यावे. पेण-उरणच्या बाजूचे मिठागरातील खडे मीठ स्वस्तात मिळते, पण त्यात माती, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम येते. पूल गढूळ होतो आणि सेलवर थर बसतो. आयोडीनयुक्त खाण्याच्या मिठाचीही गरज नाही. वॉटर सॉफ्टनरसाठी विकले जाणारे मीठ चालते.

भरलेल्या पाण्यातच काही मीठ असते, म्हणून आधी मोजावे. आपल्या पूलमध्ये २०० पीपीएम निघाले आणि ३,२०० गाठायचे असेल तर ३,००० गुणिले ४० ग्रॅम, म्हणजे १२० किलो मीठ लागेल. पहिल्या दिवशी १०० किलो टाकावे. मशीन बंद आणि पंप चालू ठेवून मीठ काठाने पसरत टाकावे आणि तळाला साचलेले ब्रशने ढवळावे. चोवीस तासांनी मोजून उरलेले टाकावे आणि मगच सेल सुरू करावा. मीठ कमी पडले तर वाढवणे सोपे असते, जास्त झाले तर पाणीच फेकावे लागते.

पाचवी पायरी: मशीन किती तास चालवायचे?

उन्हाळ्यात उघड्या पूलचे रोज २ ते ४ पीपीएम क्लोरीन खर्च होते, म्हणजे आपल्या पूलला दिवसाला ८० ते १६० ग्रॅम हवे. सेल ताशी २० ग्रॅमचा असेल आणि पंप आठ तास चालत असेल तर १०० टक्क्यांवर १६० ग्रॅम आणि ६० टक्क्यांवर ९६ ग्रॅम क्लोरीन मिळते. सुरुवात ६० टक्क्यांपासून करावी आणि रोज संध्याकाळी एकाच वेळी मोजून टक्केवारी थोडी थोडी बदलावी. वीज दिवसातून दोन-तीन तास जात असेल तर तो वेळ हिशेबात धरावा. पंपाच्या टायमरला बॅटरी नसेल तर प्रत्येक वेळी वीज गेल्यावर त्याचे घड्याळ मागे पडते आणि आठ तास कागदावरच राहतात.

पाणी हिरवट झाले किंवा पार्टीत पंचवीस जण उतरले तर सेल १०० टक्क्यांवर टाकून वाट पाहण्यात अर्थ नाही. १० टक्क्यांचा हायपो चार लिटर टाकला की या पूलमध्ये क्लोरीन १० पीपीएमने वाढते. शेवाळ मारण्यासाठी ते स्टॅबिलायझरच्या ४० टक्क्यांपर्यंत, म्हणजे स्टॅबिलायझर ६० असेल तर २४ पर्यंत न्यावे आणि पाणी स्वच्छ होईपर्यंत तिथेच टिकवावे. या काळात कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये. शेवाळ खरेच गेले का, हे पाहण्याची खात्रीची रीत म्हणजे मशीन बंद ठेवून सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी क्लोरीन मोजणे. रात्रीतून एक पीपीएमहून अधिक घट झाली तर अजून काहीतरी शिल्लक आहे. फॉस्फेट रिमूव्हरवर (शेवाळाचे खाद्य असलेले फॉस्फेट काढणाऱ्या रसायनावर) पैसे घालवण्यापूर्वी ही चाचणी करावी. माझ्या मते ते रसायन बहुतेकांना लागतच नाही.

उन्हाळा आणि पावसाळा

एप्रिल-मेमध्ये पूलची पातळी दिवसाला पाच मिलिमीटर उतरली तरी आपल्या पूलमधून रोज १६० लिटर पाण्याची वाफ होते. वाफेबरोबर मीठ जात नाही, त्यामुळे भर घालताना मीठ टाकायचे नसते. पण भर घातलेल्या पाण्याचा हार्डनेस ४०० असेल तर महिन्याकाठी पूलचा हार्डनेस जवळजवळ ५० पीपीएमने वाढतो. सॉफ्टनरचे पाणी किंवा गच्चीवरून साठवलेले पावसाचे पाणी भरीला वापरता आले तर ही वाढ थांबते.

पावसाळ्यात नेमके उलटे घडते. लोणावळ्यासारख्या ठिकाणी वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूल काठोकाठ भरलेला असताना आणि पंप चालू असताना १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ८ टक्के पाणी बदलले जाते. हजार मिलिमीटर पावसानंतर मीठ, कॅल्शियम, अल्कलिनिटी आणि स्टॅबिलायझर यांपैकी प्रत्येक गोष्ट निम्म्याहूनही खाली आलेली असू शकते. मशीनवर ‘लो सॉल्ट’चा दिवा लागतो आणि केअरटेकर मिठाची गोणी आणतो, पण बाकीच्या तिन्ही गोष्टींकडे कोणाचे लक्ष नसते. जुलै-ऑगस्टमध्ये पूल वापरात नसेल तर सेल बंद करून हायपोवर काम भागवावे आणि पाऊस ओसरल्यावर एकदाच सगळे मोजून भरून काढावे. तो दिवा सेलवर थर बसल्यामुळे किंवा पाणी थंड झाल्यामुळेही लागतो, म्हणून वेगळ्या मीटरने मोजल्याशिवाय गोणी फोडू नये.

सेलची देखभाल

दर तीन महिन्यांनी वीज बंद करून सेल काढावा आणि उजेडाकडे धरून पट्ट्यांमधून पाहावे. पांढरे पापुद्रे दिसले तर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारावा. त्याने निघाले नाहीत तरच एक भाग ॲसिड आणि पाच भाग पाणी यांच्या द्रावणात सेल बुडवावा. फेस थांबला की बाहेर काढून धुवावा आणि कोणत्याही परिस्थितीत पंधरा मिनिटांहून अधिक ठेवू नये, कारण ॲसिड थराबरोबर पट्टीवरचा महागडा लेपही खाते. पेचकस किंवा तारेचा ब्रश पट्ट्यांना लावू नये.

बॅकवॉशचे खारे पाणी आंब्याच्या आळ्यात, विहिरीजवळ किंवा ओढ्यात सोडू नये. शिडी आणि कठड्यासाठी ३०४ ऐवजी ३१६ ग्रेडचे स्टील असावे.

स्टॅबिलायझर, हार्डनेस किंवा मीठ फार वाढले आणि पाणी बदलायचे ठरले तर काढावयाचे प्रमाण हिशेबाने ठरवावे: स्टॅबिलायझर १२० वरून ६० वर आणायचे असेल तर निम्मे पाणी जायला हवे. हे काम हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला, एक चतुर्थांश एक चतुर्थांश अशा टप्प्यांत करावे; प्रत्येक टप्प्यात नवे पाणी मिसळत असल्याने एकूण थोडे जास्त पाणी लागेल हे गृहीत धरावे. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत पूल पूर्ण रिकामा करू नये, कारण जमिनीतील पाण्याची पातळी चढलेली असते आणि खालून येणाऱ्या दाबाने रिकाम्या टाकीचा तळ उचलला जाऊन तिला तडे जाऊ शकतात.